दार रस्त्याकडंच

बाजारात संत्री घ्यायलाही गळ्यात शिट्टी घालून जाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. पांढरं सुती पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, अन् काळ्या गोफात ओवलेली पितळी शिट्टी. आमच्या मुलींच्या शाळेत त्या पी.टी.च्या बाई होत्या. पण शिट्टी काही शाळेपुरती नव्हती. संत्रेवाल्यानं ढिगाखालचं सडकं फळ हळूच पिशवीत सरकवलं की ती वाजायची. बसस्टँडवर कोणी बायकांच्या रांगेत घुसला की वाजायची. माणूस दचकून मागं व्हायचा, अन् मग बाई त्याला अगदी शांतपणे सांगायच्या, "फाऊल हाय जी."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावाचंही नाही. पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यातलं एक गाव, घरात मराठी अन् कचेरीत हिंदी, एवढं समजा. तिकडच्या माणसाला दोन ओळींत कळेल, अन् बाकीच्यांना कळून करायचं काय आहे? सालं ऐंशीनंतरची. मी नवीनच नोकरीला लागले होते, मराठी शिकवायला. स्वभाव माझा तेव्हाही तापट, आताही तापट. शिक्षकखोलीत माझं कोणाशी ना कोणाशी वाजलेलं असायचं. बाईंशी मात्र कधी वाजलं नाही. त्या मला मास्तरीण म्हणायच्या. "मास्तरीण, तू भडकते अन् विझून जाते," त्या म्हणायच्या. "मी भडकतच नाही. म्हणून मले कोणी विझवू शकत नाही." हे मला तेव्हा नुसतं बोलणं वाटलं होतं.

कबड्डीचं मैदान त्या स्वतः आखायच्या. चपराशाला हात लावू द्यायच्या नाहीत. बुडाला भोकं पाडलेला डालड्याचा डबा, त्यात चुन्याची फक्की, अन् बाई कमरेत वाकून उलट्या पावलांनी चालत जायच्या. मागं राहिलेली रेघ सुतात असायची. सामन्यात मुलीचा अंगठा जरी रेघेला लागला तरी ती बाद. मग ती हेडबाईंची भाची का असेना. "रेघ म्हणजे रेघ" हे त्यांचं एकच शास्त्र होतं. एका वर्षी बक्षीस द्यायला आलेले पाहुणे चालू सामन्यात मैदान तुडवत खुर्चीकडं निघाले. बाईंनी शिट्टी मारली. "सायब, रेघेबाहेरून या. सामना सुरू हाय." साहेब गळ्यातला हार सांभाळत चारी बाजूंनी फिरून आले. हेडबाईंनी त्या दिवशी डोक्याला बाम लावला होता.

आता घराचं सांगते.

बाई बौद्ध. वडील लवकर गेलेले. आई मोहगावला, दुसऱ्यांच्या घरी निवडण-टिपण करून तिनं या एकुलत्या पोरीला शिकवलेलं. बाईंना सरकारी नोकरी लागली, पगार वेळेवर, वागणं चोख. पण गावात खोली मिळेना. घरमालक खोली दाखवायचे, नळ दाखवायचे, मग आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. शेवटी कापसाच्या एका गोदामामागं जागा मिळाली, ती मागच्या गल्लीतून ये-जा करायच्या अटीवर. मागची गल्ली म्हणजे काय, ते तेव्हाच्या माणसांना सांगायला नको. त्या काळी जुन्या घरांचे संडास मागच्या गल्लीत उघडायचे, अन् सफाईवाल्यांखेरीज तिथून कोणी पाऊल टाकत नसे. त्या गल्लीतून बाई पांढऱ्या बुटांनी रोज शाळेत यायच्या. संध्याकाळी बूट धुवायच्या, खडू लावायच्या, सकाळी पुन्हा घालायच्या. त्यांनी याबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नाही. मला मात्र त्या बुटांकडं पाहिलं की राग यायचा.

मग बाईंनी जागा घेतली. जामसांवलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, जिथून शनिवारी हनुमानाला पायी जाणारी माणसं जातात. मूळ मालक नागपूरला राहायला गेला होता, त्याला विकून मोकळं व्हायचं होतं, त्यानं आडनावाची चौकशी केली नाही. पुढं मोठा रस्ता, मागं पुन्हा तीच गल्ली, डाव्या हाताला मोकळी बखळ अन् उजव्या हाताला एका शेठचं घर अन् किराणा दुकान. घराचा नकाशा साधा होता. पुढं बैठक, तिच्या बाजूला निजायची खोली, मागं स्वयंपाकघर अन् मोरी. अन् पुढच्या भिंतीला मधोमध दार, रस्त्याकडं तोंड करून.

आमच्याकडं परवानगी घेऊन घर बांधणारा माणूस म्हणजे थोडा सरकलेलाच समजायचे. लोक आधी बांधायचे, मग नगरपालिकेत जाऊन साहेबांना भेटायचे, अन् दोघांचं समाधान झालं की कागद तयार व्हायचा. शेठनं तर दुकानापुढचा ओटा थेट नालीवर चढवून रस्त्यात आणला होता, अन् त्याचा कागद आजवर कोणी पाहिला नव्हता. पण बाईंना सगळं रीतसर पाहिजे होतं. जागा सरकारी नाही असा नजूलचा दाखला, कराची पावती, जागेची नक्कल. एक कागद आणला की दुसरा जुना व्हायचा. नकाशे पाहणारे एक बाबू होते, तोंडात कायम पान. ते रोज सांगायचे, "कल आइए मॅडम." बाई रोज जायच्या. एकदा रांग अर्ध्यावर असताना बाबू न बोलता चहाला उठले, तर बाईंनी कचेरीत शिट्टी मारली. आतल्या खोलीतले साहेबसुद्धा उठून उभे राहिले. "सांगून जावं लागते जी," बाई बाबूंना म्हणाल्या, "किती वेळचा टाइम-आऊट हाय ते." बाबू परत बसले. रांगेतली माणसं कितीतरी दिवस हे एकमेकांना सांगत होती.

अन् मग शेठची हरकत आली.

शेजाऱ्यानं हरकत घेतली की नकाशा अडतो. शेठनं लिहून दिलं की या जागेवर रस्त्याकडं दार ठेवलं तर जामसांवलीला जाणाऱ्या भाविकांची गैरसोय होईल. दारानं भाविकांची गैरसोय कशी होते हे त्याला कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. सकाळी ओट्यावर येऊन बसलं की शेजारी हिचं दार दिसणार, शेजारी ही येता-जाता बरोबरीनं दिसणार. हे कागदावर लिहिता येत नव्हतं म्हणून बिचाऱ्या हनुमानाच्या भक्तांना मध्ये ओढलं. शेठ तसा माणूस गोड बोलायचा. मला दुकानात म्हणाला, "आपलं काही म्हणणं नाही जी. बांधा ना घर. दार फक्त तिकडून ठेवा, मागून. त्यायले सवय बी आहे." मी साखर तिथंच ठेवून आले. त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढले नाही.

थोड्या दिवसांनी बाबू स्वतः शाळेत आले. हे नवलच होतं. हातात गुंडाळलेला नकाशा, त्यावर शिक्का, सही. "पास हो गया मॅडम, मुँह मीठा कराओ," ते म्हणाले. शिक्षकखोलीत आम्ही टाळ्या वाजवल्या. हेडबाईंनी चहा सांगितला. बाईंनी नकाशा टेबलावर पसरला, वाकून पाहिला, अन् विचारलं, "हे कोणाचं घर हाय?"

"आप ही का."

"नाही जी. माझं घर असं नाही."

मी वाकून पाहिलं. पुढची भिंत सलग होती. दार मागच्या गल्लीत उघडत होतं. बाबूंनी आपल्या हातानं दार फिरवून मधला रस्ता काढला होता. शेठ खूश, साहेब मोकळे, अन् बाईंना घर. बाबूंना तर वाटत होतं त्यांनी उपकार केला. बाईंनी नकाशा पुन्हा नीट गुंडाळला अन् त्यांच्या हातात दिला. "वापस घेऊन जा."

बाबूंना पान गिळावं की थुंकावं कळेना. मंजुरीसाठी हेलपाटे घालणारे त्यांनी जन्मभर पाहिले होते, मिळालेली मंजुरी परत देणारं माणूस पाहिलं नव्हतं. हा परत आलेला कागद कुठं लावायचा, याचीसुद्धा कचेरीत सोय नव्हती.

बाबू गेल्यावर आम्ही बाईंवर तुटून पडलो. त्यात मीच पुढं. मी म्हटलं, "अहो बाई, घ्या ना मंजुरी. बांधून टाका. अन् मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी पुढची भिंत फोडून दार काढा. कोण येणार आहे पाहायला? सगळं गाव हेच करतं."

बाई खाली वाकल्या. बुटाची लेस सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, "मास्तरीण, माझी माय मोहगावले मालगुजाराच्या घरी जाये. गहू निवडाले, डाळ कराले. माझ्या जन्माच्या आधीपासून. त्या घराले पुढून दार कसं हाय, हे तिले आजही माहीत नाही. मागून जाये, मागून येये. मी बी तिच्या पदराले धरून तसीच गेली. आता मी जे घर बांधून राहिली, ते तिच्यासाठी. ती म्हातारी झाली, तिले आणाचं हाय इथं. तिले मी माझ्या घरात बी मागूनच आणू का?"

तासाची घंटा झाली. बाई उठल्या.

"अन् चोरून फोडलेलं दार नाही पाहिजे मले," त्या म्हणाल्या. "शिक्का मारून पाहिजे. या बाईचं दार रस्त्याकडं हाय, असा शिक्का."

एवढं बोलून त्या तासाला निघून गेल्या. मला माझ्या शहाणपणाचीच चीड आली, अन् चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी मला निरोप आला, घर पाहायला ये. मला वाटलं बाईंनी काही उलटंसुलटं केलं. धावत गेले. जागा होती तशीच मोकळी, पण जमिनीवर पांढऱ्या शुभ्र रेघा. बाईंनी सगळं घर फक्कीनं आखलं होतं. खऱ्या मापाचं. बैठक, खोल्या, मोरी. दाराच्या जागी रेघ तोडलेली, खिडक्यांच्या जागी तुटक तुटक रेघा. मागची रेघ सलग. बैठकीत एक बाज, दोन खुर्च्या, कोपऱ्यात माठ. बाई छत्री उघडून बाजेवर बसल्या होत्या अन् भाजी निवडत होत्या. मी आपली सरळ त्यांच्याकडं चालत गेले. शिट्टी वाजली.

"मास्तरीण, भिंतीतून आली तू. जाय, दारातून ये."

मी हसले. बाई हसल्या नाहीत. मी मागं गेले, रस्त्यावरून फिरले, चपला काढल्या अन् दारातून आत आले. मग त्यांनी पाणी दिलं.

तेव्हापासून प्रत्येक रविवारी अन् सुट्टीला बाई तिथं राहायला लागल्या. राहायला म्हणजे दिवसभर. स्टोव्हवर स्वयंपाक करायच्या, वह्या तपासायच्या, पोथी वाचायच्या. स्वयंपाकघरात असल्या की बैठकीतलं त्यांना दिसत नसे. समोर, हाताच्या अंतरावर माणूस बसलेला, तरी त्या मोठ्यानं विचारायच्या, "कोण आलं वं?" माठातलं पाणी द्यायचं तर मधलं दार फिरून यायच्या. सुरुवातीला गाव हसलं. पण हसायला येणाऱ्यालाही दारातूनच यावं लागायचं. कबड्डीच्या मुली तर पहिल्याच दिवसापासून चुकल्या नाहीत, त्यांना रेघेची सवय होती. मुलींमुळं त्यांच्या आया यायला लागल्या. पोस्टमन खिडकीतून पत्र द्यायचा. फक्त गायींना काही कळत नव्हतं. त्या भिंतीतून यायच्या अन् बाई त्यांना शिट्टी मारायच्या. पाऊस आला की घर वाहून जायचं. उघडीप झाली की बाई डबा घेऊन पुन्हा बांधायच्या.

खरी मजा शेठची झाली. त्याच्या बाजूच्या भिंतीला बाईंनी खिडकीच ठेवली नव्हती. तो आपल्या ओट्यावरून ओरडायचा, "बाई, हे काय तमाशा लावला तुम्ही?" बाई ढिम्म. तो पुन्हा ओरडायचा. बाई गहू निवडत राहायच्या. मी म्हटलं, अहो, शेठ बोलून राहिले. त्या म्हणाल्या, "भिंतीपल्याडचं मले ऐकू येत नाही. त्यायले म्हणा, पुढून या." शेवटी भांडायला का होईना, शेठला ओट्यावरून उतरून, रेघेचा कोपरा वळून, दारासमोर रस्त्यावर येऊन उभं राहावं लागायचं. तिथं आला की बाई उठायच्या अन् हात जोडून म्हणायच्या, "या ना जी, आत या. बसा." तो आत येत नसे. दारातूनच भांडायचा अन् कोपरा वळून परत जायचा. असं त्यानं किती आठवडे केलं असेल, देव जाणे.

मग त्यानं पुन्हा तक्रार केली. बाईनं दार रस्त्यावर काढलंच, दिवसभर उघडं असते, गावभरच्या बाया येऊन बसतात. बाबूंनी उन्हात जाऊन पाहायची तसदी घेतली नाही. तक्रार वाचली, नोटीस काढली, साहेबांनी सही केली. विनापरवानगी घर बांधलं अन् मुख्य रस्त्याकडं दार उघडलं, ते पाडून टाका, नाहीतर आम्ही पाडू. बाईंनी नोटीस शिक्षकखोलीत वाचली अन् त्यांना असं हसू आलं की डोळे पुसावे लागले. "पाह्य मास्तरीण," त्या म्हणाल्या, "सरकारनं लिहून देल्लं. माझं घर हाय, अन् दार रस्त्याकडं हाय."

पाडायलाही आले. एक जमादार अन् त्याची माणसं, हातगाडीवर घण, सब्बल, टोपल्या. सुट्टीचा दिवस होता, मी तिथंच होते. जमादार चारी दिशांना पाहत उभा. "बाई, घर कुठं हाय?"

"तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात उभे आहे जी," बाई म्हणाल्या. "अन् चपला घालून."

त्यानं पायाखाली पाहिलं, अन् खरंच चपला काढल्या. मग सगळ्यांना पाणी मिळालं, गूळ मिळाला. जमादार हातात कागद घेऊन कष्टी झाला होता. त्याला हुकूम होता, अन् घण कशावर मारायचा ते दिसत नव्हतं. बाईंनीच त्याची सुटका केली. कोपऱ्यातला झाडू आणून दिला. "घ्या. पाडा. तुमचं काम तुम्ही करा, माझं मी करीन." माणसांनी घर झाडून काढलं. गुडघ्यापर्यंत पांढरे होऊन ते बाजारातून परत गेले, अन् ज्यानं पाहिलं त्यानं ओळखलं कुठून आले ते. जमादारानं कचेरीत लिहून दिलं, घर पाडलं. त्याआधीच बाईंनी फक्कीचा डबा भरला होता. ते नाक्यापर्यंत पोचले नसतील, तेवढ्यात बैठक उभी राहिली.

शेठनं तिसऱ्यांदा तक्रार केली की घर अजून उभंच आहे.

आता साहेबांच्या टेबलावर दोन कागद आले. एकात घर पाडलेलं, एकात उभं. साहेब दुसरीकडून बदलून आलेले, हिंदी बोलणारे, माणूस कोरडा. आपण सही कशावर केली ते पाहायला ते स्वतः निघाले. सोबत बाबू. बाईंना आदल्या दिवशी कळलं होतं. त्यांनी त्या दिवशी रेघा दोनदा ओढल्या. मला म्हणाल्या, "तू स्वयंपाकघरात राह्य. चहा कर. अन् ध्यानात ठेव, तुले काही दिसून नाही राहिलं." आज साहेबही नाही म्हणाले, तर बाई आयुष्यभर मागच्या गल्लीतूनच येणार होत्या, अन् मोहगावची म्हातारी मोहगावलाच राहणार होती.

जीप थांबली. रस्त्यावर ही गर्दी. साहेब उतरले अन् पाहतच राहिले. बाबू सवयीनं सरळ निघाले, तर गर्दीतून पोरी ओरडल्या, "दीवार, दीवार." बाबू थबकले. साहेबांनी एकदा रेघेकडं पाहिलं, एकदा बाईंकडं. मग दारापुढं आले, चपला काढल्या अन् आत येऊन खुर्चीवर बसले. मी स्टोव्हला पंप मारत होते अन् मला काही दिसत नव्हतं, तरी मला रडू फुटलं.

"शेठजी को बुलाओ," साहेब म्हणाले. "बताएँ, रास्ता कहाँ रुकता है."

शेठ ओट्यावर कागद घेऊन तयारच होता. पांढरं धोतर, कपाळाला गंध. तो उतरला. त्याच्यापासून साहेबांची खुर्ची अगदी जवळ होती, मधे मोकळी जमीन अन् चुन्याची एक रेघ. सरळ आला असता तर चार पावलांचं काम. पण तो ओट्यावरून उतरला, रेघेच्या कडेकडेनं रस्त्यापर्यंत गेला, कोपरा वळला, दारापुढं आला अन् बोलण्याच्या भरात तसाच आत येऊन साहेबांसमोर उभा राहिला.

साहेबांनी त्याला बोलू दिलं नाही. "आप घूमकर क्यों आए? सीधे आ जाते."

"मधात भिंत आहे ना साहेब," शेठ म्हणाला.

म्हणाला अन् त्याचं त्यालाच ऐकू आलं. रस्त्यावर एवढी माणसं, पण कोणी हसलं नाही. हे मी नेहमी सांगते. हसले असते तर तो चिडला असता अन् सुटला असता.

"दीवार है," साहेब म्हणाले. "तो आप अंदर किधर से आए?"

शेठनं मागं वळून पाहिलं. दार होतं. बाई दाराशी हात जोडून उभ्या होत्या. "बसा जी," त्या म्हणाल्या. "इतक्या दिवसांचे बोलावून राहिली, आज आले." मग आतल्या बाजूला तोंड करून मोठ्यानं, "मास्तरीण, शेठजीले बी चहा आण."

मी चहा आणला, मधलं दार फिरून. साहेबांनी घेतला. शेठनं कप हातात घेतला. तो प्यायला की नाही ते मी सांगत नाही. त्याच्या कपातलं त्याच्यापाशी. साहेब उठले, दारात उभे राहून रस्त्याकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, उजवीकडं शेठच्या ओट्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग बाबूंना म्हणाले, "पहला वाला नक्शा निकालो. मॅडम का. जैसा था, वैसा."

शिक्का बसला. बाईंनी तो नकाशा शाळेत आणला अन् दारावर बोट ठेवून आम्हा प्रत्येकीला दाखवला, जणू आम्ही ते दार पाहिलंच नव्हतं.

घर हळूहळू झालं. पगार झाला की विटांचे चार रद्दे चढायचे. मिस्त्रीशी त्यांचं मागच्या भिंतीवरून वाजलं होतं, तो दोन दिवस काम टाकून गेला होता. काय झालं ते बाईंनी मला सांगितलं नाही अन् मीही विचारलं नाही.

मोहगावहून म्हातारी आली तो दिवस शनिवारचा. बाई घरी दिवे लावत होत्या, म्हणून बसस्टँडवर मी गेले. सुकलेली, काटक बाई, डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात तुरीची डाळ. वाटभर रस्त्याच्या कडेकडेनं चालली. घर दिसलं. नवं, चुना दिलेलं, दार सताड उघडं अन् दारात पांढऱ्या पातळात बाई. म्हातारी थांबली. तिनं घराकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, अन् डोक्यावरच्या गाठोड्याला हात लावून बखळीच्या बाजूनं मागं वळली.

"माय, इकडून," मी म्हटलं. तिला ऐकूच आलं नाही. मी तिच्या मागं गेले. ती मागच्या भिंतीला हात लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. पुन्हा एकदा चालली. मग शेठच्या ओट्याकडच्या बाजूनं पुढं आली. शेठ ओट्यावर बसला होता. त्यानं मान खाली घातली. बाई जागच्या हलल्या नव्हत्या.

म्हातारी म्हणाली, "पोरी, मागलं दार ठेवाचं इसरली वं तू."

"इसरली नाही माय," बाई म्हणाल्या. "ठेवलंच नाही."

म्हातारी तिच्याकडं पाहत राहिली. मग गाठोडं उतरवलं, उंबऱ्याला हात लावला, अन् आत गेली नाही. उंबऱ्यावरच बसली, रस्त्याकडं तोंड करून. जामसांवलीला जाणारी माणसं पुढून जात होती. कोणी तिच्याकडं पाहून हात जोडत होतं, तीही जोडत होती.

"माय, आत ये," बाई म्हणाल्या. गळ्यातली शिट्टी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. "थकली तू. चहा ठेवला."

"येते वं," म्हातारी म्हणाली. "बसू दे जराशी. पुढल्या दारातून कसं दिसते, ते पाहून राहिली मी."